डीटी ८३० डी मल्टिमीटर : सिरीज सर्किट शिकायला हा स्वस्त मीटर पुरतो का?

तळहातात मावणारी पेटी, मधोमध गोल नॉब, खाली तीन भोकं, वर साडेतीन अंकांचा डिस्प्ले आणि सोबत एक लाल व एक काळी वायर. हा मीटर पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो आणि ऑनलाइनही मिळतो. किंमत साधारण दीडशे ते तीनशे रुपये. एकाच सर्किटवर वेगवेगळे उत्पादक आपापलं लेबल लावून तो विकतात, म्हणून हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नसून या मॉडेलचं आहे. दहावीच्या विज्ञानात ओहमचा नियम (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध) आणि रोधांची एकसर जोडणी, म्हणजे सिरीज, शिकवली जाते. त्या प्रयोगांसाठी शाळेने किंवा पालकांनी हा मीटर घ्यावा का, एवढाच प्रश्न इथे आहे.

घ्यावा. अट एकच. मीटर सर्किटला लावला की तो सर्किटचाच भाग होतो, हे शिकवणाऱ्याला माहीत हवं. या स्वस्त मीटरमध्ये तो परिणाम इतका ठळक दिसतो की समज नसेल तर मुलं चुकीचे आकडे खरे मानतील, आणि समज असेल तर करंट, व्होल्टेज आणि रोध यांचं नातं त्यातूनच स्वच्छ कळेल.

आधी मीटरमध्ये काय आहे ते पाहू. डीसी व्होल्टेजच्या रेंज २०० मिलिव्होल्ट, २००० मिलिव्होल्ट, २० व्होल्ट, २०० व्होल्ट आणि त्यावरची एक. डीसी करंटच्या २००० मायक्रोअँपिअर, २० मिलिअँपिअर, २०० मिलिअँपिअर आणि वेगळ्या भोकातून १० अँपिअर. रोधाच्या २०० ओहमपासून २००० किलोओहमपर्यंत पाच. डिस्प्लेवर सर्वांत मोठा आकडा १९९९. त्यापुढे गेलं की डावीकडे नुसता १ दिसतो. तो १ म्हणजे एक ओहम किंवा एक व्होल्ट नव्हे, रेंज अपुरी पडल्याची ती खूण आहे. हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवावं. एसी करंट हा मीटर मोजत नाही. रेंज आपोआप बदलत नाही, नॉब हाताने फिरवावा लागतो. शिकणाऱ्यासाठी हा गुणच आहे, कारण नॉब फिरवण्याआधी उत्तर किती येईल याचा अंदाज करावा लागतो.

दुकानात तपासून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. २०० ओहमवर नॉब ठेवून दोन्ही प्रोबची, म्हणजे लाल-काळ्या वायरींची, टोकं एकमेकांना घट्ट लावा. एका ओहमच्या आतला स्थिर आकडा यायला हवा. तसंच धरून प्रोबच्या वायरी मुळाशी हलवा. आकडा उड्या मारू लागला तर वायर आतून तुटकी आहे, दुसरी जोडी मागा. मग २००० मिलिव्होल्टवर नवा पेन्सिल सेल मोजा, १५०० ते १६२० च्या दरम्यान काहीतरी दिसेल. त्याच सेलवर दुकानातला दुसरा मीटर लावा. दोघांत एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर तिसरा मागून घ्या आणि वेगळा पडणारा बाजूला ठेवा. शेवटी नॉब पूर्ण फिरवून पाहा. मध्येच अंक अर्धे दिसत असतील तर डिस्प्लेची आतली रबरी पट्टी नीट बसलेली नाही. काही नगांवर जोडणी तपासायचा बझर असतो, काहींवर नसतो. मिळत असेल तर बझरवालाच घ्या, तुटलेली वायर शोधताना तो खूप वेळ वाचवतो.

आता प्रयोग. चार पेन्सिल सेलचा होल्डर, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), आणि पाव वॉटचे तीन रेझिस्टर: २२० ओहम (लाल, लाल, तपकिरी), ३३० ओहम (नारिंगी, नारिंगी, तपकिरी) आणि ४७० ओहम (पिवळा, जांभळा, तपकिरी). चौथा पट्टा सोनेरी असेल तर मूळ किमतीत पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे ४७० चा रेझिस्टर ४४६ पासून ४९३ पर्यंत काहीही असू शकतो. म्हणून रंग वाचून थांबू नये. प्रत्येक रेझिस्टर आधी सुटा मोजावा, किंमत वहीत लिहावी आणि पुढचा हिशेब त्याच आकड्यांवर करावा. निम्म्या वर्गाचं उत्तर जुळत नाही त्याचं कारण बहुधा इथेच असतं. एक टक्क्याचे पाच पट्ट्यांचे मेटल फिल्म रेझिस्टर मिळाले तर ही अडचण जवळपास नाहीशी होते, आणि किमतीत फारसा फरक नसतो.

रोध मोजताना सेल जोडलेला नको. सेल जोडलेला असताना ओहम रेंज लावली तर येणारा आकडा निरर्थक असतो आणि मीटरही बिघडू शकतो. दोन्ही प्रोब बोटांनी धरून रेझिस्टर मोजायची सवयही वाईट. २२० ओहमला त्याने काही होत नाही, पण १ मेगओहमचा रेझिस्टर असला की अंगाचा रोध त्याला समांतर जोडला जातो आणि आकडा खाली येतो. मे महिन्यात घामेजलेल्या हातांनी तर हा फरक सहज दिसतो. एक टोक बोटाने, दुसरं क्रोकोडाइल क्लिपने धरावं.

तिन्ही रेझिस्टर एकामागोमाग जोडले की एकूण रोध २२० + ३३० + ४७० = १०२० ओहम. २००० ओहम रेंजवर हा आकडा दोन-तीन ओहमांच्या फरकाने येतो, आणि या कामात मीटर अगदी विश्वासू आहे. २०० ओहम रेंजवर मात्र प्रोबच्या वायरींचा रोधही आकड्यात येतो. टोकं एकमेकांना लावून जो आकडा दिसतो तो उत्तरातून वजा करायचा. २२ ओहमच्या रेझिस्टरला अर्धा ओहम म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त.

होल्डर जोडला, सेलचं व्होल्टेज ६.०० आहे असं धरू. करंट ६ भागिले १०२०, म्हणजे ५.८८ मिलिअँपिअर. व्होल्टेजची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते: २२० वर १.२९, ३३० वर १.९४, ४७० वर २.७६ व्होल्ट. इथे रेंजची निवड महत्त्वाची. पहिले दोन आकडे २००० मिलिव्होल्टवर मावतात आणि १२९४, १९४१ असे चार अंकी येतात. तिसरा मावत नाही, त्याला २० व्होल्टची रेंज लागते आणि तिथे शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा असतो. तिघांची बेरीज ५.९९ किंवा ६.०१ आली तर ते बरोबर आहे. या वर्गातल्या मीटरच्या माहितीपत्रकात डीसी व्होल्टेजची अचूकता साधारण अर्धा टक्का अधिक दोन अंक अशी दिलेली असते, आणि त्या ‘दोन अंकां’चाच अर्थ २० व्होल्टच्या रेंजवर २० मिलिव्होल्ट होतो. बेरीज जुळते यामागचा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्चहॉफने १८४५ साली मांडला. तो शब्दांत पाठ करण्यापेक्षा या तीन आकड्यांतून कळलेला जास्त टिकतो.

सेलचं व्होल्टेज मोजताना सर्किट चालू ठेवा. सुट्या सेलचा आकडा आणि भार असतानाचा आकडा वेगळा असतो, कारण सेललाही आतला रोध असतो आणि तोही याच मालिकेत बसलेला असतो. सेल जुने असतील तर फरक आणखी वाढतो, आणि मग बेरीज सेलच्या सुट्या आकड्याशी जुळत नाही म्हणून मुलं मीटरला दोष देतात.

करंट मोजण्यात या मीटरची खरी परीक्षा आहे. करंट मोजायचा तर सर्किट तोडून त्या जागी मीटर घालावा लागतो. ब्रेडबोर्डवर प्रत्येक दोन भागांमध्ये एक छोटी जंपर वायर ठेवावी. ती उपसली की दोन्ही टोकांना क्लिप लावता येतात. सेलच्या शेजारी, पहिल्या व दुसऱ्या रेझिस्टरच्या मध्ये, दुसऱ्या व तिसऱ्याच्या मध्ये आणि शेवटी, अशा चारही ठिकाणी मोजा. चारही ठिकाणी एकच आकडा येतो. ‘पहिल्या रेझिस्टरने करंट खाल्ला, पुढे कमी उरला’ ही समजूत मोठ्या माणसांतही असते आणि ती शब्दांनी जात नाही, हे चार सारखे आकडे पाहिले की जाते. उणे चिन्ह दिसलं तर प्रोब उलटे लागले आहेत, बाकी काही बिघडलेलं नाही.

पण तो सारखा आकडा ५.८८ नसतो. २० मिलिअँपिअर रेंजवर तो ५.८२ च्या आसपास येतो. कारण हा मीटर करंट थेट मोजत नाही. तो करंट आपल्या आतल्या एका लहान रोधातून जाऊ देतो आणि त्या रोधावरचं व्होल्टेज मोजतो. पूर्ण आकड्याला २०० मिलिव्होल्ट, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे २० मिलिअँपिअर रेंजवर आतला रोध १० ओहम, २०० मिलिअँपिअरवर १ ओहम आणि २००० मायक्रोअँपिअरवर १०० ओहम. फ्यूजचा व वायरींचा थोडा रोध त्यावर वेगळा. म्हणजे मीटर लावल्यावर सर्किटमध्ये तीन नव्हे, चार रोध आहेत: १०२० अधिक १०. करंट ६ भागिले १०३०, म्हणजे ५.८२. चूक मीटरने केलेली नाही. त्या क्षणी सर्किटमधून खरोखर तेवढाच करंट वाहतो आहे.

दोन मीटर असतील तर हे सिद्ध करून दाखवता येतं. पहिला मीटर करंटवर सर्किटमध्ये ठेवा, दुसरा २०० मिलिव्होल्टवर पहिल्याच्या दोन्ही प्रोबवर लावा. सुमारे ५८ मिलिव्होल्ट दिसतील, फ्यूज व वायरींमुळे किंचित जास्त. आता बेरीज करा: १.२८ + १.९२ + २.७४ + ०.०६ = ६.०० व्होल्ट. मीटरचा वाटा धरला तरच बेरीज पुरी होते. चाळीस मिनिटांच्या तासात दाखवण्याजोगा याहून चांगला प्रयोग या विषयात क्वचितच असेल. महाग मीटरवर हा परिणाम कमी असतो आणि म्हणून तिथे हे शिकवणं उलट कठीण जातं.

रोध लहान असले की चूक मोठी होते. एक सेल १.५ व्होल्टचा आणि १०० ओहमचा एकच रेझिस्टर घ्या. हिशेबाने १५ मिलिअँपिअर. २० मिलिअँपिअर रेंजवर मीटर १३.६ च्या जवळपास दाखवतो, म्हणजे नऊ टक्के कमी. तोच मीटर २०० मिलिअँपिअरवर फिरवा, १४.८ च्या जवळ येतो. बारीक रेंजवर दशांश जास्त दिसतात म्हणून मुलं ती निवडतात, आणि तीच रेंज सर्किट जास्त बिघडवते. म्हणून एक साधी सवय लावावी: करंट मोजताना एकदा शेजारच्या मोठ्या रेंजवर नॉब नेऊन पाहावा. आकडा शेवटच्या अंकापुरता बदलला तर ठीक, त्याहून जास्त बदलला तर मीटर सर्किटमध्ये ढवळाढवळ करतो आहे. अशा वेळी करंट न मोजता सर्किटमधल्याच ओळखीच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजावं आणि त्याला त्याच्या रोधाने भागावं. सर्किट तोडावं लागत नाही आणि फ्यूजही उडत नाही. दुरुस्तीच्या कामात जाणकार बहुतेक वेळा हेच करतात.

व्होल्टेज मोजताना नेमका उलटा प्रश्न येतो. सगळ्या डीसी रेंजवर या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहम आहे. ४७० ओहमच्या रेझिस्टरला तो समांतर लागला तर काही कळणारही नाही. पण १ मेगओहमचे तीन रेझिस्टर एकसर जोडून ६ व्होल्ट लावा. प्रत्येकावर २ व्होल्ट यायला हवेत. मीटर प्रत्येकावर १.२ दाखवतो. बेरीज ३.६, उरलेले २.४ व्होल्ट कुठे गेले? मीटर लावला त्या रेझिस्टरचा रोध निम्मा, म्हणजे ५०० किलोओहम झाला, म्हणून त्याचा वाटा घटला. प्रोब दुसऱ्यावर नेला की पहिला पूर्ववत होतो आणि दुसऱ्याचा घटतो. १०० किलोओहमच्या तिघांवर १.८७ येतो, १० किलोओहमच्या तिघांवर १.९८ किंवा १.९९. शाळेच्या प्रयोगात त्यामुळे १०० ओहम ते १० किलोओहम या पट्ट्यातच रेझिस्टर घ्यावेत. तिथे करंटची योग्य रेंज निवडली तर हा मीटर दोन्ही बाजूंनी भरवशाचा आहे. तिप्पट-चौपट किमतीच्या मीटरमध्ये हा रोध सहसा १० मेगओहम असतो, त्यावर १ मेगओहमच्या प्रयोगात १.८७ दिसतो. सुधारणा मोठी आहे, पण परिणाम तिथेही संपत नाही.

शाळांच्या प्रयोगशाळेत काट्याचे जुने मीटर अजून आहेत. ते फेकू नयेत, करंट हळूहळू वाढताना काटा जसा सरकतो तसं अंकांत दिसत नाही. मात्र पूर्ण काटा फिरायला १ मिलिअँपिअर लागणारा ३ व्होल्टचा व्होल्टमीटर म्हणजे अवघा ३ हजार ओहमचा रोध. १० किलोओहमच्या रेझिस्टरवर तो लावून बेरीज जुळवू पाहणं व्यर्थ आहे. या बाबतीत दोनशे रुपयांचा डिजिटल मीटर त्याच्या कितीतरी पुढे आहे.

बिघाड मुद्दाम करून दाखवायलाही हा संच उत्तम. ब्रेडबोर्डच्या एका ओळीतली पाचही भोकं आतून जोडलेली असतात. २२० च्या रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले गेले तर तो असून नसल्यासारखा. करंट ७.५ मिलिअँपिअर होतो, २२० वर शून्य व्होल्ट, ३३० वर २.४७, ४७० वर ३.५२. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक, आणि शून्य व्होल्ट दिसले की ती नेमकी कुठे आहे ते कळतं. उलट एखादी वायर सुटली तर करंट शून्य, तिन्ही रेझिस्टरवर शून्य, आणि सुटलेल्या जागेच्या दोन टोकांमध्ये जवळपास पूर्ण ६ व्होल्ट. सिरीज सर्किटमध्ये तुटलेली जागा शोधायची रीत हीच. ज्या दोन बिंदूंमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसेल, तिथे सर्किट तुटलं आहे.

हीच गोष्ट चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिव्यांच्या माळेत जीवघेणी ठरू शकते. समजा एका माळेत ४० लहान बल्ब एकसर जोडलेले आहेत. २३० व्होल्टांतून प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट येतात. म्हणून लोकांना वाटतं की एका बल्बाशी खेळायला काय हरकत आहे. पण एक बल्ब उपसला की त्या रिकाम्या जागेवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीखाली) उभं राहून प्लग न काढता बल्ब बदलणं किंवा तुटलेल्या वायरीला हात लावणं हे कधीही करू नये. गेलेल्या बल्बाच्या जागी नुसती वायर पिळून माळ चालू करण्याची युक्तीही घातक. ३९ बल्बांच्या वाट्याला ५.९ व्होल्ट येतात, करंट वाढतो, पुढचा बल्ब लवकर जातो, मग आणखी एक वायर पिळली जाते, आणि शेवटी उरलेले बल्ब पटापट उडतात. एलईडीच्या माळेत तर हे आणखी लवकर घडतं, कारण तिथे व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट खूप वाढतो.

आणि हा मीटर २३० व्होल्टवर वापरू नका. नॉबवर त्याची रेंज छापलेली आहे, तरीही नका. त्याचे प्रोब पातळ, टोकांवर बोट घसरू नये म्हणून असलेली कड जेमतेम, आणि १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नाही, तसं त्या भोकाशेजारी छापलेलंच असतं. लाल प्रोब चुकून त्या भोकात राहिला आणि टोकं घरच्या पॉइंटला लागली तर तो सरळ शॉर्ट सर्किट. मुलांच्या हातात दिलेल्या मीटरचं ते भोक टेपने बंद करून टाकावं, शाळेच्या प्रयोगात ते लागतच नाही. ३० मिलिअँपिअरचा करंट तिथे ०.०३ एवढाच दिसतो.

फ्यूजचं दुखणं मात्र रोजचं आहे. व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअर तिघांना लाल प्रोबचं भोक एकच. त्यामुळे करंट मोजून झाल्यावर नॉब २०० मिलिअँपिअरवरच राहतो आणि मुलगा व्होल्टेज मोजायला प्रोब थेट सेलवर टेकवतो. एका ओहमचा रोध सेलच्या दोन टोकांत, करंट अँपिअरच्या घरात, आणि आतला फ्यूज जातो. ओळखायचं कसं? सर्किटमध्ये एक लाल एलईडी एकसर घालून ठेवा. मीटर करंटसाठी मध्ये घातल्यावर एलईडी विझला आणि जंपर लावल्यावर पेटला, तर फ्यूज उडाला आहे. मागचे स्क्रू काढले की २० मिलिमीटर लांबीची काचेची नळी दिसते. बोर्डावर जेवढा आकडा लिहिला आहे तेवढ्याचाच फ्यूज घाला, बहुतेक नगांत २०० किंवा २५० मिलिअँपिअर. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नका, पुढच्या चुकीला मग आतला शंट (करंट मोजायचा तो लहान रोध) आणि बोर्ड जळतो.

एलईडीविषयी एक गोष्ट. त्याचा रोध ओहम रेंजवर मोजायला जाऊ नये, नुसता १ दिसेल. लाल एलईडीवर १.९ व्होल्टच्या आसपास पडतात आणि करंट निम्मा केला तरी ते फारसे बदलत नाहीत. ६ व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर लावला तर ६ वजा १.९, भागिले ३३०, म्हणजे १२.४ मिलिअँपिअर. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांत १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन लाल एलईडी एकसर लावणाऱ्या मुलांनी हाच हिशेब करावा: १२ वजा ३.८ म्हणजे ८.२ व्होल्ट, ६८० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर, करंट १२ मिलिअँपिअर. पांढऱ्या एलईडीला प्रत्येकी तीन व्होल्टांहून थोडे जास्त लागतात. चार एकसर लावले तर रेझिस्टरसाठी काहीच उरत नाही, उजेड मंद येतो आणि बॅटरी थोडी उतरली की डोळे मिटतात. तीनच लावा आणि २२० ओहम घाला. टॉर्चचा तंतूचा बल्बही ओहमचा नियम पडताळायला नको. थंड तंतूचा रोध पेटलेल्या तंतूपेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे ओहम रेंजवरचा आकडा आणि पेटलेल्या बल्बाचा हिशेब कधीच जुळत नाही.

लहान रोध वापरताना उष्णतेकडे लक्ष हवं. २२, ३३ आणि ४७ ओहम ६ व्होल्टवर एकसर लावले तर ४७ ओहमवर ०.१६ वॉट, तो कोमट होतो. पहिले दोन चुकून शॉर्ट झाले तर ४७ ओहमवर पाऊण वॉट, पाव वॉटचा रेझिस्टर धूर काढतो.

गोव्याच्या हवेत या मीटरचं काय होतं, तेही सांगायला हवं. जून ते सप्टेंबर ओल सगळीकडे शिरते आणि किनाऱ्यालगत खारी हवाही. नॉबखालची संपर्कपट्टी उघडीच असते. ओल धरली की आकडा थरथरतो, नॉब दोन-तीनदा पूर्ण फिरवला की पुष्कळदा स्थिरावतो. प्रोबची टोकं काळी पडतात, ती बारीक पॉलिश पेपरने घासावीत. सेल होल्डरच्या स्प्रिंगवर गंज चढला की तिथे काही ओहमांचा न सांगता आलेला रोध मालिकेत येऊन बसतो. होल्डरच्या स्प्रिंग आणि सेलच्या टोकात २०० मिलिव्होल्टवर मोजलं तर तो लगेच पकडता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी आणि होल्डरमधले सेल काढून ठेवावेत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेला संच पावसाळ्यानंतरही चांगला निघतो.

ती ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर कमी दाखवेल असं वाटतं. प्रत्यक्षात आकडे वर चढतात, कारण ज्या आतल्या संदर्भ व्होल्टेजशी मीटर तुलना करतो तेच खाली येतं. नवा सेल १.८ व्होल्ट दाखवू लागला तर सेलवर नाही, मीटरच्या बॅटरीवर संशय घ्या. काही नगांवर बॅटरीची खूण दिसते, काहींवर नाही. आपोआप बंद होण्याची सोय नाही, त्यामुळे रात्रभर चालू राहिलेले मीटर वर्गात नेहमीच सापडतात. तास संपताना नॉब बंदवर आणणं हे एका मुलाकडे काम म्हणून सोपवावं.

घरच्या वायरिंगसाठी, गाडीच्या दुरुस्तीसाठी किंवा जास्त रोधाच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटसाठी हा मीटर घेऊ नका, तिथे दर्जेदार फ्यूज आणि १० मेगओहमचा मीटरच हवा. दहावी-बारावीच्या वर्गासाठी मात्र एका महाग मीटरऐवजी असे चार घ्या. दोन मीटर एकाच टेबलावर असले तरच वरचा ५८ मिलिव्होल्टचा प्रयोग होतो. सोबत क्रोकोडाइल क्लिपच्या दोन जोड्या, एक टक्क्याचे १००, २२०, ३३०, ४७० ओहम, १ किलो, १० किलो, १०० किलो आणि १ मेगओहमचे प्रत्येकी तीन रेझिस्टर (शेवटचे दोन मीटरचा परिणाम दाखवण्यापुरते), आणि दुकानातून निघण्याआधी मीटरचं झाकण उघडून पाहून त्याच मापाचे डझनभर फ्यूज. काही स्वस्त नगांत फ्यूज धारकात नसून थेट बोर्डाला सोल्डर केलेला असतो, तसा दिसला तर तो नग परत करून धारकवाला मागा.